टायरवरची रेघ

टायरच्या कडेला एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, की टायर नीट बसला. माझ्या मुलीच्या, सईच्या, डोंगरी सायकलचं पुढचं चाक मी अंगणात तपासत होते. एका जागी रेघ रिमखाली बुडाली होती.

"आई, चालेल गं. उद्या घाट उतरताना रेघ कोण बघणारे?"

वळणावर टायर निसटला, तर तिला धरायला मी तिथे नसणार.

हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं, पुन्हा पंप मारू लागले. टायर कुरकुरला. आता फुटणार म्हणून मी तोंड फिरवलं, तोच फट् असा आवाज झाला आणि रेघ वर आली.

घरात सई आदळआपट करते तेव्हाही मी अशीच दचकते. पण आवाज झाला म्हणजे काहीतरी जागेवर आलेलं असतं. भ्यायचं ते गप्प राहिलेल्या जागेला.

"झालं समाधान?" सई हसली.

मागच्या चाकाबद्दल मात्र ती अजून काहीच बोलली नव्हती.

"तेही आण," मी म्हटलं.