वाडीला यष्टी वाटलेली गाडी

पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी चालवायचं लायसन्स काढलं, त्याला कारण आईचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन महाडच्या दवाखान्यात करायचं ठरत होतं, आणि आई राहते पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या बौद्धवाडीत. डॉक्टर म्हणतात सकाळी लवकर या, उपाशीपोटी या. वाडीची पहिली यष्टी महाडला पोचेपर्यंत डॉक्टर जेवायला उठलेले असतात. शिवाय डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईला परत यष्टीतून आदळत आपटत न्यायचं मला पटत नव्हतं. तेव्हा गाडी पाहिजे आणि चालवणारं माणूस घरचं पाहिजे. आमच्या ह्यांना गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. उरले मी.

पेणला जाऊन परीक्षा दिली, पास झाले. मुंबईतल्या धाकट्या भावाने नवी गाडी घेतली होती, त्याने जुनी माझ्या नावावर करून दिली. महाडला आमच्या दारात पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका गॅलरीत आल्या आणि खालचं कुत्रं कंपाउंडबाहेर गेलं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी खाकरल्यासारखी सुरू व्हायची. ही गरजायची. मला वाटलं, गाडीगाडीचा स्वभाव असेल. तरी भावाला फोन केला.

"ताई, तो साउंड आहे!" तो म्हणाला. "स्पेशल सायलेन्सर टाकलाय मी. लोक हौसेने बसवतात. तू टेन्शन नको घेऊ, एन्जॉय कर."

एन्जॉय करायला मी रविवारी आईकडे निघाले. ह्यांना शेजारी बसवलं. मी चालवत असले की हे दरवाज्यावरची कडी धरतात आणि उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबतात. पोलादपूर सोडलं की चढ लागतो. चढावर गिअर बदलताना गाडी मागे गेली तर काय, ही मला भीती. त्यामुळे मी अख्खा चढ पहिल्या गिअरमध्ये चढले. त्यात तो सायलेन्सर. डोंगराने तो आवाज झेलला आणि आमच्या पुढे वर पाठवून दिला.

वाडीच्या खाली, विहारापाशी यष्टी थांबते. तिथे पोचले तर माणसं रांगेने उभी. हातात पिशव्या, एकाच्या काखेत कोंबडा, आणि सगळ्यांत पुढे माझी चुलती, पोलादपूरच्या बाजारात विकायला शेवग्याच्या शेंगांची पाटी घेऊन. तिने हात दाखवला. मी घाबरून ब्रेक मारला, गाडी बंद पडली.

चुलतीने वाकून आत बघितलं. "ही तर आपली हाय गो! आमी म्हटलं यष्टी."

"काकी, यष्टी लाल असते."

"रंग वळणावरनं दिसतो व्हय? आवाज येतो."

तिचं बरोबर होतं. आमची वाडी कानावर चालते. यष्टीची घरघर घाटात आली की पिशव्या उचलायच्या. मासेवाल्याचा हॉर्न वाजला की टोप घेऊन बाहेर यायचं. गॅसवाल्याचा टेम्पो सिलिंडरांच्या खडखडाटावरून ओळखायचा. बघायची गरज कोणालाच पडत नाही. पुढच्या रविवारी तेच झालं. कोंबडासुद्धा तोच होता.

तिसऱ्या रविवारी मी वाडीत पोचले तेव्हा मात्र विहारापाशी कोणी नव्हतं. मला बरं वाटलं. घरी गेले, तर ओटीवर चुलती पाटी पुढ्यात घेऊन बसलेली, आणि आई तिला पाणी देत होती.

"आली बघ महाराणी," चुलती म्हणाली. "तुज्यापायी माजी यष्टी गेली आज. घाटात आवाज आला, मी म्हटलं हीच येतेय, येऊ दे. पान लावत बसले. आन ती खरी यष्टी व्हती गो! आली, वळली, गेली पन. आता ह्या शेंगा मी खाऊ?"

शेंगा मी घेतल्या. सगळ्या. आठवडाभर आमच्याकडे आमटीतही शेंगा आणि भाजीतही शेंगा.

चुलती गेल्यावर मी आईला सांगितलं, ऑपरेशनचा दिवस ठरला, येता सोडून त्याच्या पुढचा बुधवार. मी भल्या सकाळी न्यायला येईन.

"मी त्या भोंग्यात बसनार नाय," आई म्हणाली.

"आई, डॉक्टरांनी दिवस दिलाय."

"देऊ दे. अख्खी वाडी दारात येऊन बघंल. म्हनतील, म्हातारी वाजतगाजत निघाली. नाय बाय. आधी गाडीचं त्वांड बंद कर, मग मला न्यायला ये. नायतर र्‍हाऊ दे डोळा तसाच. मला दिसतं तेवढं पुरं हाय."

आणि पुरं असलेल्या त्या डोळ्यांनी ती चहात साखर म्हणून मीठ घालायला निघाली. मी डबा बदलून दिला.

त्याच दिवशी परत येताना महाडच्या नाक्यावर पोलिसाने शिट्टी मारली. मी गाडी कडेला घेतली. तो आला, माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मग मागच्या सीटवर डोकावला. तिथे शेंगांची पाटी.

"पोरगा कुठाय?" त्याने विचारलं.

"कुठला पोरगा?"

"गाडी चालवणारा."

"मी चालवते."

त्याने माझा चष्मा आणि अंबाडा पुन्हा एकदा नीट पाहिला. "मॅडम, असले सायलेन्सर कॉलेजची पोरं बसवतात हो. तुमच्या वयाला..." मग कागद बघून म्हणाला, "आज सोडतो. बदला तो. परत दिसला तर पावती."

म्हणजे आई आणि कायदा एकाच बाजूला आले. आता मला फक्त खरेदी करायची होती, आणि खरेदी मला येते. ऑफिसात भांडाराचं काम माझ्याकडे आहे. खुर्ची घ्या नाहीतर पाण्याचं पिंप, आधी वस्तूचं वर्णन लिहायचं, मग तीन ठिकाणची कोटेशनं. मी रात्रीच कागदावर वर्णन उतरवलं. सायलेन्सर कंपनीने मूळ गाडीला दिलेला, किंवा त्याच नंबरचा. माझ्या मॉडेलचा आणि माझ्या सालाचा. नंबर भागावर ठोकलेला आणि बिलावर लिहिलेला. शेवटी, पुढे इंजिनाजवळ धूर शुद्ध करणारा डबा असतो त्याला हात लावायचा नाही.

हे म्हणाले, "सायलेन्सर घेतेस का ग्रामपंचायतीची टाकी?"

पहिला गॅरेजवाला हायवेवरचा. त्याने गाडीखाली बघून आधी आनंदाची बातमी दिली. धुराचा डबा जागेवर होता, भावाने फक्त मागचा भाग बदलला होता. मग त्याने आतून एक चकचकीत नळकांडं आणलं, भावाच्यापेक्षा जाड.

"मॅडम, तुम्ही नवीन ड्रायव्हर ना? मग आवाज पाहिजेच. लोकांना लांबून कळतं, बाजूला होतात. सेफ्टी आहे ती."

लोकांना माझ्यापासून वाचवण्याचा हेतू चांगला होता. "पण हे कायद्यात बसतं का?"

"पीयूसी पास होते की!"

"पीयूसीचं मशीन धूर मोजतं. आवाज पोलीस मोजतो."

तो नळकांड्यावरून फडकं फिरवत राहिला. मी कोटेशन मागितलं. लेटरहेड असलं काही त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्याने वडापावच्या कागदावर लिहून दिलं.

दुसरा दासगावचा वेल्डिंगवाला. त्याच्याकडे एका मोडीत काढलेल्या जीपचा डबा होता. तो म्हणाला, कापून, जोडून बसवून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा.

"माझ्या गाडीला बसेल?"

"बसवला की बसतो."

"आवाज कसा येईल?"

"जीपचा येईल."

माझ्या डोळ्यांसमोर चुलती आली. पोलादपूरहून प्रवासी भरणाऱ्या जीपही आमच्या वाडीत येतात. म्हणजे रांग तीच, कोंबडाही तोच.

तिसरं दुकान कंपनीचे सुटे भाग विकणारं. तिथल्या माणसाने गाडीचा नंबर टाकला आणि पडद्यावर भागाचा नंबर दाखवला. माझ्या वर्णनातलं सगळं जुळलं. फक्त माल तिथे नव्हता. पनवेलहून येणार, "येईल चार-पाच दिवसांत". ऑफिसात "चार-पाच दिवसांत" या शब्दांवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. बुधवार जवळ येत होता. गॅरेजवाल्याचं जाड नळकांडं तयार होतं, वेल्डिंगवाल्याचा डबा तयार होता, आणि कायद्यात बसणारा एकटाच पनवेलला पडून होता. मी ऑर्डर दिली आणि रोज फोन करत राहिले. शेवटी दुकानदार माझा आवाज ऐकताच "नाही आला" म्हणून ठेवून द्यायला लागला.

मंगळवारी दुपारी तो "आला" म्हणाला. मी अर्धी रजा टाकली. नंबर भागावरचा, बिलावरचा आणि कागदावरचा, तिन्ही ताडून बघितले आणि सायलेन्सर हायवेवरच्या गॅरेजातच बसवायला नेला. गॅरेजवाल्याने मयताला आल्यासारखा चेहरा करून बसवला. "आता हिला कोण ऐकणार?" म्हणाला. भावाचा जुना सायलेन्सर मी समोर उभं राहून मधोमध कापून घेतला. नाहीतर तो परत कुणाच्या तरी गाडीखाली गेला असता. बहुतेक भावाच्याच.

बुधवारी उजाडायच्या आत निघालो. गाडी इतकी शांत की सुरू आहे की नाही कळेना. मी सुरू असलेली गाडी पुन्हा सुरू केली, ती किर्र ओरडली. घाटात पहिल्यांदाच मला ह्यांचा श्वास ऐकू आला. तोही पहिल्या गिअरमध्ये होता.

विहारापाशी कोणी नाही. वाडीत सगळी दारं पुढे ओढलेली. आई ओटीवर बसलेली, ठेवणीतलं लुगडं, केसांना तेल, मांडीवर पिशवी. मी समोर येऊन उभी राहिले तेव्हा दचकली.

"कवा आलीस? आवाज नाय आला."

"तूच म्हणालीस ना तोंड बंद कर."

ती माझ्या शेजारी बसली, हे मागे गेले. मी पट्टा लावून दिला. तिने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. कोणाचं दार उघडलं नाही. मी चावी फिरवली.

"थांब जरा," आई म्हणाली. "कोनाला कळलंच नाय."

"काय कळायला पाहिजे?"

"मी चालले ते. काल सगळ्यांना सांगून ठेवलंय. लेक न्यायला येनार हाय म्हटलं." मग म्हणाली, "हारन हाय का ह्याला?"

विनाकारण हॉर्न वाजवू नये हा नियम मला पाठ होता. पण पुढे डोळ्याचं ऑपरेशन होतं, आईला नाराज करून चालणार नव्हतं. मी एकदा दाबला, छोटासा.

पटापट दारं उघडली. चुलती पहिली आली, हातात टोप. मागून चार-पाच बायका, त्यांच्याही हातात टोप नाहीतर पातेली.

"एवढ्या लवकर कसा आज?" चुलती रस्ताभर बघत म्हणाली. "बोंबील हायत का रे?"

"मासं नायत गो," आई खिडकीतून म्हणाली. "मी हाय. चालले डोळ्याला. माजी लेक चालवते गाडी."

टोप हातात तसेच धरून सगळ्या गाडीभोवती जमल्या. कोणी म्हणालं घाबरू नको, कोणी म्हणालं गाडी किती गपगुमान हाय. चुलतीने मला बजावलं, "नीट ने. आन सावकाश." ह्यांनी मागच्या सीटवरून लगेच मान डोलावली. आईने पुढारी असल्यासारखा हात वर केला, आणि आम्ही निघालो.

पहिल्या वळणावर पिवळी पाटी आहे, "वळणावर हॉर्न द्या". सरकारी सूचना मी पाळते. मी हॉर्न दिला. वरून वाडीतून कोणीतरी कूऽऽ केलं. आई हसली आणि पिशवी घट्ट धरून पुढे वाकून बसली.

"आता फुडलं वळन कवा येतं गो?"