पोस्टमन गेला की आहे?

बाबा मोबाइलवर ती जुनी हिंदी मालिका बघतात. सुरुवातीला नटांची नावं सरकू लागली की यांचं सुरू, "हा गेला. ही गेली. हा तर मागच्या दिवाळीत." प्रत्येक गेलेल्यासाठी उजवा हात छातीला. शेवटी 'अन्य कलाकार' येतं आणि हात हवेतच थांबतो.

त्या 'अन्य'मध्ये एक पोस्टमन आहे. मोजून तीन भागांत दिसतो, सायकल भिंतीला टेकवतो, एक वाक्य बोलून निघून जातो. तो इथल्या परदेशीपुऱ्याच्या कापड मिलमध्ये बाबांच्या शेजारच्या साच्यावर होता. गणपतीत दोघं नाटकं करायचे. मग तो मुंबईला गेला, इकडे मिल बंद पडली, पत्रंही थांबली.

"मग नाव का नाही त्याचं?" मी विचारलं.

"छोटं काम होतं ना."

मला झोंबलं. मी सफाई कामगारांची पत्रकं लिहिते. हजेरीत नाव नाही म्हणजे तू कामावर नव्हतासच, असं ठेकेदार तोंडावर सांगतो. इथेही तोच प्रकार! मी त्या माणसाला शोधत सुटले. दुसऱ्या एका मालिकेत तो वेटर निघाला, तिसरीत वरातीतला फेटेवाला. सगळीकडे तसाच खांदा पाडून चालणारा, सगळीकडे बिननावाचा. आता कुठे आहे, आहे तरी का, काही केल्या कळेना.

तेवढ्यात अन्नपूर्णा भागातल्या आमच्या मराठी मंडळाने त्या मालिकेतल्या दिवंगत कलाकारांच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरवला. पत्रक अर्थातच माझ्याकडे आलं. मी यादीत पहिलं नाव पोस्टमनचं घातलं, ठळक अक्षरात. छापून गठ्ठा घरी आणला.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "तू याला मारून टाकलंस?"

"अहो, कुठेतरी नाव यायला नको का त्याचं?"

"मेलेल्यांत?"

ठेकेदाराविरुद्ध एक ओळ छापायची तर मी तीनदा पुरावा तपासते. ज्याची बाजू घेत होते, त्याच्या मरणाचा एकही पुरावा पाहिला नव्हता. बाबा पेन घेऊन बसले आणि प्रत्येक पत्रकावरचं ते नाव खोडू लागले. अर्धा गठ्ठा झाल्यावर थांबले.

"खोडलं की परत नाहीसंच झालं ना त्याचं नाव," ते म्हणाले.

उरलेली पत्रकं तशीच ठेवली. नावापुढे मी हाताने लिहीत गेले: माहीत नाही.

कार्यक्रमात फोटोंना हार घातले. सेक्रेटरीबाई पोस्टमनचं सोडून एकेक नाव वाचत होत्या, लोक उभे होते. यादी संपली, सगळे बसले, तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी पोस्टमनचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"हा पण होता त्यात. गेलाय की आहे, माहीत नाही."

अर्धे लोक उठले, अर्धे बसून राहिले. काही जण खुर्चीचा हात धरून मध्येच अडकले.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, खड़े होना है कि बैठना है?"

"बसा, बसा," बाबा म्हणाले. "बसूनच सांगा, कुणी पाहिलंय का त्याला?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हा खांदा पाडून चालायचा का हो?"