ट्यूबलाइटमागचे अप्पा

आमच्या मालिकेचे एकूण तीन भाग निघाले. चौथा निघण्याआधी ती बंद पडली, आणि त्या दिवशी अख्ख्या चेन्नईत सर्वांत जास्त आनंद झाला तो ती मालिका लिहिणाऱ्या बाईला. म्हणजे मला.

मी गिंडीच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत काम करते. स्टुडिओ म्हटल्यावर काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नका. औद्योगिक वसाहतीतली एक शेड, डावीकडे स्प्रिंगा बनवणारे, उजवीकडे पत्र्याला भोकं पाडणारा प्रेस, आणि मध्ये आम्ही सहा जण. तिथे बसून आम्ही एका मोबाइल ॲपसाठी ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी विनोदी कार्टून मालिका काढत होतो. कुटुंब होतं पालींचं. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे राहणारं, मराठी-तमीळ मिसळून बोलणारं, चौघांचं, एकदम घरंदाज! पाल अंगावर कुठे पडली की काय फळ मिळतं, याचं कोष्टक पंचांगात असतं ना? त्या कोष्टकाप्रमाणे कुणाच्या खांद्यावर पडायचं आणि कुणाच्या टाळक्यावर, हे ठरवणं हा त्या घराचा पिढीजात व्यवसाय. घरातला कर्ता पुरुष पालोबा. महातापट! राग आला की त्याची शेपटी तुटून पडायची, आणि त्या वेळी तो तोंडाने जे काही बोलायचा त्यामुळेच मालिका प्रौढांसाठी होती.

आता पालोबा मला सुचला कुठून? इथून माझं पाप सुरू होतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात फोरमन होते, निवृत्त होऊन आता अण्णा नगरला आमच्याबरोबर राहतात. घर तंजावरी मराठी, पिढ्यान् पिढ्या इथलंच. मी सांगलीची. (माझ्या बोलण्याला अप्पा ‘बातम्यांचं मराठी’ म्हणतात.) घराबाहेर अप्पा म्हणजे साक्षात सौजन्य. मराठी मंडळाचे अध्यक्ष, रिक्षावाल्यालाही ‘या, बसा’ करणारे. पण घरात? बत्तीस वर्षं यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस! माणसांवर ते कधीच ओरडत नाहीत. ओरडतात ते वस्तूंवर. मिक्सर, गॅसचा लायटर, टीव्हीतला अंपायर. निम्मं जुनं मराठी आणि निम्मं तमीळ असा तो मारा सुरू झाला की मी हातातलं काम टाकून ऐकत बसायची. असं साहित्य वाया जाऊ द्यायचं?

म्हणून मी फोन लपवायला लागले. जेवणाच्या टेबलावर कढीपत्त्याची टोपली असते, तिच्यामागे फोन उभा करायचा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. हेतू शुद्ध होता हो! पालोबाचं तोंड किती उघडायचं, श्वास कुठे घ्यायचा, हे चित्रं काढताना कळावं म्हणून कच्चा आवाज लागतो. नंतर त्या जागी खरा नट बोलतो आणि कच्चा आवाज जातो कचऱ्यात. पद्धत तशीच आहे.

तिसऱ्या भागाच्या वेळी नट आला, बोलला, गेला. आणि ऐकून बघतो तर प्रत्येक वाक्यामागे शेजारचा प्रेस. धडाम! “काय ही अवस्था” धडाम! “या घराची” धडाम! नट दुसऱ्या दिवशी कोइंबतूरला निघून गेलेला. आमचा साहेब कार्तिक शांतपणे म्हणाला, “मेघना, तुझा तो कच्चा आवाज आहे ना, तोच राहू दे. त्याच्यापेक्षा हाच भारी आहे. कुठून आणलास हा म्हातारा?”

“लांबचे नातेवाईक आहेत,” मी म्हणाले. (लांब म्हणजे आमच्या खोलीपासून त्यांची खोली अकरा पावलं.) नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्याने भाग पाठवूनसुद्धा दिला. बुधवारी तो ॲपवर आला. पालोबा ट्यूबलाइटच्या स्टार्टरवर तीन मिनिटं ओरडतो, आणि अक्षर न् अक्षर अप्पांचं!

घरात कोणी ॲप बघत नाही, एवढाच धीर होता. तोही शनिवारी सकाळी गेला. अप्पा सांबाराची वाटी पुढे ओढत म्हणाले, “मेघना, उद्या मंडळाची माणसं बोलावलीं आहेत. तुझं कार्टून सगळ्यांना टीव्हीवर दाखवायचं. नातवंडांना पण आणा म्हणून सांगितलं.”

मी हातातली इडली ताटलीत टाकली. “अप्पा, ते लहान मुलांचं नाहीये!”

“कार्टून लहान मुलांचं नाही तर कुणाचं? लाजूं नको मां. तिसराच भाग लावूं. ताजा आहे.” (‘मां’ म्हणजे तमीळमध्ये लाडाने ‘पोरी’.)

मी नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. श्रीनिवास एवढा हसला, एवढा हसला, की माझ्या सासूबाई, अम्मा, पाणी घेऊन धावत आल्या. शेवटी डोळे पुसत म्हणाला, “सरी, ठरलं, उद्या मी मागे उभा राहून व्हिडिओ काढतो.” हा माझा आधार!

मला मात्र हसू येत नव्हतं. लग्न करून इथे आले तेव्हा माझ्याशी मराठीत बोलता यावं म्हणून हा माणूस रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसायचा, तमीळ शब्द अडवून अडवून बोलायचा. आणि मी त्याच्याच टेबलावर टोपलीमागे फोन लपवला होता. उद्या मंडळाच्या अध्यक्षांचा हा अवतार सगळ्यांच्या नातवंडांसमोर उघडा पडणार, आणि मी पुन्हा त्यांच्या नजरेला नजर देऊ शकणार नाही. मला खरंच भीती वाटत होती.

कार्तिकला सात फोन केले. “भाग काढून टाक!” असं मी विनवलं. तो म्हणाला, ॲपवाले शनिवार-रविवार फोन उचलत नाहीत. मग रिमोटमधले सेल काढले. अप्पांनी घड्याळातले काढून रिमोटला घातले. वायफायची वायर उपटली. “अय्यो, सैल झाली वाटतं,” म्हणत अप्पांनी ती पुन्हा खोचली, वर चिकटपट्टी लावली. फोरमनच तो!

रविवारी अकरा मोठी माणसं आणि पाच नातवंडं दिवाणखान्यात बसली. अम्मांनी मेदूवडे तळले, मी सुरळीच्या वड्या केल्या होत्या. (लक्ष सगळं टीव्हीकडे, त्यामुळे एकही वडी गोल झाली नाही.) अप्पा पांढराशुभ्र शर्ट घालून उभे राहिले. “आमची सून मोठी कलाकार आहे. तिनें एक कुटुंब दाखवलं आहे. त्यांत कोण आहे तें तुम्हीच ओळखा!” आणि बटण दाबलं.

पडद्यावर चक्र फिरलं. फिरलं. फिरतच राहिलं. मग काळ्या पडद्यावर एक ओळ आली: ही मालिका आता उपलब्ध नाही.

अप्पांनी पुन्हा दाबलं. तीच ओळ. पालोबा नाही, पालीण नाही, ट्यूबलाइटसुद्धा नाही! आठ महिन्यांचं माझं काम पुसलं गेलं होतं, आणि मी तिथेच, सोफ्याच्या हातावर बसून, आनंदाने ढसाढसा रडले.

मंडळींना मात्र भलतंच वाटलं. “अय्यो पावम, बिचाऱ्या पोरीचं काम गेलं!” एका काकूंनी मला कुशीत घेतलं. एका नातवाने स्वतःच्या ताटलीतला उष्टा वडा माझ्या हातावर ठेवला. सगळे इतके हळहळले, की मी रडणं आवरून “परवाइल्लै, काही हरकत नाही” म्हणत त्यांचंच सांत्वन करत सुटले. अप्पा तेवढे कोपऱ्यात जाऊन बसले. जेवलेही नाहीत.

माणसं गेल्यावर ते माझ्यापुढे येऊन बसले. हातात एक कागद.

“मेघना, मला माफ कर. तुझं कार्टून माझ्यामुळें बंद पडलं.”

“तुमच्यामुळे?”

“मी गुरुवारीं तिसरा भाग पाहिला. माझाच आवाज! इतका बरा वाटला की काय सांगूं. बत्तीस वर्षं ओरडलों, यंत्रांत कुणाला धड ऐकूं गेलं नाही. म्हणून तर सगळ्यांना बोलावलं, नातवंडांना पण; वस्तूला दिलेली शिवी कुणाला लागत नाही. पण शेवटीं नांवं येतात त्यांत माझं नांव नव्हतं. म्हणून त्याच दिवशीं ॲपच्या माणसांना एक अर्ज केला.”

मी अर्ज वाचला. सरकारी नोकरीतल्या माणसाचा अर्ज तो! विषय होता, संदर्भ होता, खाली मुद्दे होते. मुद्दा पहिला: पालोबाचा आवाज अर्जदाराचा आहे. मुद्दा दुसरा: अर्जदाराला विचारलेलं नाही. मुद्दा तिसरा: तरी रविवारच्या आत अर्जदाराचं नाव घालावं ही विनंती. ॲपवाल्यांनी दुसऱ्या मुद्द्यापर्यंतच वाचलं असणार, आणि घाबरून अख्खी मालिकाच काढून टाकली. जे काम माझ्या सात फोनांनी झालं नाही, ते अप्पांच्या एका पानाने झालं!

“तूं रडलीस तेव्हां मला कसंसंच झालं,” अप्पा म्हणाले. “मला फक्त नांव पाहिजे होतं मां.”

मग मी टोपलीपासून स्टार्टरपर्यंत सगळं सांगून टाकलं, आणि माफी मागितली. ते सुटकेचं रडणं होतं, हेही सांगितलं. अप्पा इतके हसले की त्यांनाही अम्मांनी पाणी आणून दिलं. दोघांच्याही छातीवरचं ओझं उतरलं. उरलेल्या चपट्या वड्या आम्ही दोघांनी संपवल्या.

कार्तिकने आता मला एका साबणाच्या जाहिरातीवर बसवलंय. तिथे कोणी ओरडत नाही. टोपलीमागे मी पुन्हा कधीही फोन ठेवलेला नाही. पण अप्पा हल्ली मिक्सरवर ओरडण्याआधी घसा साफ करतात, खुर्ची टोपलीकडे वळवतात, एकेक शब्द सुटा उच्चारतात, आणि शेवटी कढीपत्त्याला विचारतात, “नीट आलं कां? नाहीतर पुन्हा ओरडतों.”

आणि मी, गिंडीची मोठी कलाकार, स्वयंपाकघरातून कढीपत्त्याच्या वतीने उत्तर देते, “आलं, अप्पा!”