सोडा पिणाऱ्याने बोलायचं नाही

आमचं वाचक मंडळ परमिट रूममध्ये भरायचं, हे त्या काळी डोंबिवलीत चारचौघांत सांगायची सोय नव्हती. घरी सांगितलं त्या दिवशी बायको म्हणाली, "पुस्तकावर बोलायला बारमध्ये जाताय, मग दारू प्यायला लायब्ररीत जाल." सासरच्या माणसांत हे वाक्य तिने वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

पण जाणार कुठे होतो? नव्वदचं साल नुकतंच मागे पडलेलं. वाचनालयात डोक्यावर 'शांतता राखा'ची पाटी, आणि आम्हाला तर भांडायचं होतं. घरं दोन खोल्यांची, त्यात कुणाच्या मुलाची दहावी, कुणाकडे गावाहून आलेले पाहुणे. देवळाचा हॉल मागायला गेलो तर विश्वस्तांनी आधी विचारलं, पुस्तक धार्मिक आहे का? मी तिथून तणतणत बाहेर पडलो. शेवटी आमच्यातला एक आगरी मित्र मदतीला आला. कल्याण पश्चिमेला त्याच्या काकांच्या जागेत एक हॉटेल चाले. खाली परमिट रूम, वर लाकडी जिन्याचा पोटमाळा. रविवारी दुपारी चारला पोटमाळ्यावर माशीही नसायची. मालक म्हणाला, बसा, फक्त काहीतरी मागवा. आम्ही आनंदाने मागवलं.

सहा-सात जण होतो. ठाण्याहून येणारा बँकेतला अधिकारी, हा आगरी मित्र, दोघे-तिघे अधूनमधून उगवणारे, मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. महिन्यातून एकदा भेटायचं, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं. पहिल्या दोन-तीन बैठकांत गंमत अशी झाली की जे न वाचता आले तेच सर्वांत जास्त बोलले. मला असल्या लोकांचा मनस्वी संताप येतो. मी तिथल्या तिथे नियम केला: बसल्याबरोबर प्रत्येकाला विचारायचं, वाचलंस? वाचलं असेल त्याला बिअर. नसेल त्याला सोडा, आणि सोडा पिणाऱ्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्याला आग्रहही करायचा नाही. वेटर मंगळूरकडचा, त्याला मराठी पुस्तकांशी काही देणंघेणं नव्हतं, पण हा नियम त्याला फार आवडला. "सर, आज सोडा कोणाला?" असं तो न्यायाधीशाच्या थाटात विचारायचा.

नियम चालला. बँकवाला एकदा सोड्यावर बसला तेव्हा तो दोन तास नुसता धुमसत होता. पुढच्या महिन्यात पुस्तकावर टिपणं काढून आला.

माझ्या दोस्ताला मात्र सोडा कधी मिळाला नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो फोरमन होता. दिवसभर मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे पुस्तकावरही ओरडूनच बोलायचा. पण काय बोलायचा! आम्ही कथानक सांगत बसायचो, आणि हा कुठलंसं एक वाक्य धरून सबंध पुस्तक उलटंपालटं करून दाखवायचा. त्याच्याशिवाय मंडळ म्हणजे नुसती चखण्याची सोय होती, हे मी आजही म्हणेन. फक्त इतरांची एक बाटली होईपर्यंत त्याच्या तीन व्हायच्या, आणि मग परतताना डोंबिवलीला उतरून तो एकटाच आणखी कुठेतरी जायचा. ते आम्हाला दिसत होतं. आम्ही ते हसण्यावारी नेत होतो.

एका संध्याकाळी त्याची बायको आमच्या घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, "भावजी, डॉक्टरांनी सांगितलंय, लिव्हर गेलंय जवळजवळ. आता एक थेंब चालणार नाही. ह्यांनी सोडलीय, खरंच सोडलीय. तीन आठवडे झाले. पण ते रविवारचं सोडायला तयार नाहीत."

मी लगेच म्हटलं, मंडळ उडप्याकडे हलवू, कॉफी पिऊ. दुसऱ्या दिवशी दोस्ताला गाठून तेच सांगितलं, तर तो माझ्यावरच उसळला.

"माझ्यासाठी हलवणार? मग सगळे विचारणार कशाला हलवलं. मग सगळे मला विचारणार तब्येत कशी आहे. कंपनीत एकाने सोडलेली, त्याला लोकांनी भरीस घालून परत पाजली. एवढीशीच घे रे, बिअरला काय दारू म्हणतात का रे. मला ते नकोय. तू कुणाला बोलायचं नाहीस."

मी शब्द दिला. पण त्याला बारमध्ये बाटल्यांसमोर दोन तास बसवायचं कसं, ह्या विचाराने मला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही. आग्रह म्हणजे आपल्याकडे प्रेमच. जेवणाच्या पंगतीत जसा जिलबीचा, तसाच तिथे ग्लासाचा. नाही म्हणणाऱ्याला सोडायचं नाही, ही आमची सगळ्यांची रीत.

रविवार आला. मी विचारत विचारत त्याच्यापर्यंत पोचलो. "वाचलंस?"

"नाही रे. ओव्हरटाइम होता. राहून गेलं."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पहिल्यांदाच सापडला होता! वेटरने सोडा आणून समोर ठेवला. आगरी मित्र हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, पहिलीच वेळ हाय त्याची, अर्धा ग्लास भर रे." तर बँकवाला कडाडला, "अजिबात नाही! नियम म्हणजे नियम."

त्या क्षणी मला त्या बँकवाल्याचा मुका घ्यावासा वाटला. परतताना दोस्त मला म्हणाला, "पुस्तक मी दोनदा वाचलंय. सगळे चुकीचं बोलत होते." आणि मोठमोठ्याने हसला. मला मात्र हसू आलं नाही. ज्याला बोलायला मिळावं म्हणून तो येत होता, तेच त्याने किंमत म्हणून मोजून दिलं होतं.

पुढचा महिना तसाच, त्याच्या पुढचाही. 'वाचलंस?' 'नाही.' सोडा. तो कोपऱ्यात बसून ऐकायचा, शेंगदाण्याची सालं काढत राहायचा. कुणी काही भलतंच बोललं की त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची. लोक आधी चिडवत होते, मग चिडवायचेही थांबले. मी बघत होतो, तो खरंच एक थेंबही घेत नव्हता. त्याचा चेहरा सुधारला होता, डोळे निवळले होते. त्याची बायको भाजीबाजारात भेटली की नुसती मान हलवायची, म्हणजे सगळं ठीक.

आणि मग बँकवाल्याने मला ऑफिसात फोन केला. म्हणाला, दिवा स्टेशनकडचे दोन तरुण शिक्षक यायचं म्हणतायत, पोटमाळ्यावर जागा नाही. जो वाचतच नाही त्याने खुर्ची अडवायची कशाला? पुढच्या रविवारी विषय काढतो. त्याचं काही चूक नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हटलं, "तू ठाण्यातलं बघ, कल्याणचं मी बघतो," आणि फोन आपटला. ह्या बोलण्याला काही अर्थ नव्हता हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

दोस्ताला सांगितलं. तो म्हणाला, "काढू दे विषय." त्याच्या बायकोला सांगितलं तेव्हा ती घाबरली. "मग रविवारी चार वाजता हे काय करतील, भावजी? महिनाभर त्यावर तर काढतात."

त्या रविवारी पुस्तक होतं दोन भावांच्या भांडणावरचं. शेत वाटलेलं, विहीर सामाईक, आणि थोरला भाऊ विहिरीचा दोर लपवून ठेवतो. वाचलंस का, विचारून झालं, सोडा जिथे जायचा तिथे गेला. बँकवाला दुष्ट माणसांवर बोलायला लागला. थोरला हा मुळातच नीच, त्याच्या मनात पहिल्या पानापासून विष आहे, वगैरे. सगळे माना डोलवत होते. मग तो थांबला, घसा खाकरला आणि म्हणाला, "पुढे जाण्यापूर्वी मला मंडळाच्या सभासदांबद्दल एक बोलायचंय."

"आधी ते विहिरीचं नीट बोल." आवाज कोपऱ्यातून आला. मशीनवर ओरडणारा आवाज. "धाकटा जत्रेला जातो तेव्हा त्याच्या गुरांना पाणी कोण पाजतं? थोरला. पहाटे, कुणी उठायच्या आत. तोच दोर काढून. एकाच वाक्यात आहे ते, तुम्ही सगळ्यांनी गाळलंत. तो दोर लपवतो ते धाकट्याने एकदा तरी येऊन मागावा म्हणून. दोर माग, म्हणजे भाऊ म्हण. नीच कसला? पुस्तकभर वाट बघतोय तो!"

आगरी मित्राने पुस्तक उघडून ते पान शोधलं, वाचलं आणि नुसता "आयला" म्हणाला.

वेटरला काय, त्याला नियम माहीत. बोलला म्हणजे वाचलेलं आहे. त्याने सोड्याची बाटली उचलली आणि फेसाळलेला ग्लास दोस्तासमोर ठेवला.

ओठांवर आलेला शब्द मी गिळला; शब्द दिला होता ना. दोस्त त्या ग्लासाकडे बघत होता. सगळे त्याच्याकडे. बँकवाला खुशीत येऊन म्हणाला, "अरे, वाचलेलं होतंस तर! घे, घे, चार महिन्यांची कसर काढ."

दोस्ताने ग्लास दोन बोटांनी सरकवत सरकवत बँकवाल्यापुढे नेला. "मला चालत नाही. लिव्हर बिघडलंय. सोडलीय मी." एवढं बोलताना त्याचे कान लाल झाले होते. "तब्येत कशी, असं कुणी विचारायचं नाही. आणि अर्धा घे असंही नाही. सोडा परत आण रे."

कुणीच विचारलं नाही. बँकवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ग्लासाशी चाळा करत तो म्हणाला, "म्हणजे मागची तीन पुस्तकंही वाचलेलीस?"

"सगळी."

"आणि आम्ही जे बोललो ते..."

"बहुतेक चूक."

बँकवाल्याने सभासदांचा विषय काढलाच नाही. त्याने आपली खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "मग पहिल्यापासून घे. आज उशीर झाला तर झाला."

दोस्ताने सोड्याचा एक घोट घेतला आणि बोलायला सुरुवात केली.