महाराजांचं दुकान

माझ्या धाकट्या भावाला सगळे ‘महाराज’ म्हणायचे. मनोराज्याचे महाराज. हे नाव वडिलांनी ठेवलं आणि कारखान्यात ते मीच पोचवलं, कारण माझ्या जिभेला हाड नाही. आई त्याच गोष्टीला तंद्री म्हणायची. शाळेतल्या बाईंची भाषा शुद्ध, त्यांनी वडिलांना बोलावून सांगितलं की मुलगा दिवास्वप्नं बघतो. हा शेजारी उभा राहून ते अशा तोंडाने ऐकत होता जसं काही बक्षीसच जाहीर झालंय. त्याची बायको सरळ सांगते, हे घरात असले तरी घरात नसतात. शब्द कुठलाही घ्या, दूध उतू जायचं आणि हा समोर उभा असायचा.

रस्ता ओलांडताना तर मी लहानपणापासून त्याचं कोपर धरायचे. केस पांढरे व्हायला लागले तरी धरायचे. सोडलं असतं तर हा गाडीखाली कधीच गेला असता, आणि वर ड्रायव्हरला ‘माफ करा’ म्हणाला असता.

आम्ही दोघं एकाच शिलाई कारखान्यात. मी मशीनवर बाह्या जोडते. तो कटिंगच्या लांब टेबलावर, मास्तरांच्या हाताखाली. कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूने आखायचं, मग मास्तर सगळे थर एकदम कापणार. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू? रेघ मारली की मारली. पण डोकं दुकानात.

हे दुकान म्हणजे त्याचं स्वतःचं, जे कुठेच नव्हतं. आमच्या जायच्या-यायच्या वाटेवर कोपऱ्याला एक बंद गाळा आहे, शटर गंजलेलं. तिथे तो रोज थबकायचा. त्याच्या मनात तिथे काचेचा दरवाजा झाला होता, गिऱ्हाइकाला बसायला बाक झालं होतं, फक्त तीन बाजूंचा आरसा कुठे लावायचा ते ठरत नव्हतं. दारासमोर लावला तर उजेड माणसाच्या डोळ्यांवर येणार. मागे लावला तर कोट काळा की निळा ते कळणार नाही. “ताई, तू सांग,” म्हणायचा. मी म्हणायचे, हवेत इमले बांधतोस ते बांध, पण आधी मास्तरांचं टेबल तरी मिळव.

आणि टेबल मिळायची वेळ आली. मास्तरांना दिसेनासं झालं होतं, ते काम सोडणार होते. मालकांनी भावाला बोलावून सांगितलं, हे शाळेच्या कोटांचं काम एकट्याने नीट काढ, टेबल तुझं. मास्तर व्हायचं म्हणजे शिवणाऱ्याने आयुष्यात जेवढं व्हायचं तेवढं झालं. त्याच्या बायकोने मला हळूच विचारलं, “जमेल ना हो ह्यांना?” मी म्हटलं, न जमायला काय झालं.

कोटाचं कापड जाड होतं, एकाच बाजूने लव असलेलं. आमचं नेहमीचं कापड तोंडाला तोंड लावून पसरतात, म्हणजे बाहीचा साचा एकदा आखला की डावी-उजवी जोडी आपोआप निघते. ह्या कापडाचे सगळे थर मात्र चांगली बाजू वर करूनच पसरायचे होते. मग साचा एकदा सुलटा आखायचा आणि एकदा पालथा. त्याने थर बरोबर पसरले. लवही सगळ्या थरांत एकाच दिशेला ठेवली. मी लांबून पाहिलं तर खडू भराभर चालला होता आणि चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू. मला वाटलं, स्वारी आज खुशीत आहे.

बाह्या माझ्याकडे आल्या. पहिली बसली. दुसरी बसेना. मी ती फिरवून बघितली, उलटी करून बघितली. उलटी केली की गोलाई जुळायची, पण वर कापडाची ओबडधोबड बाजू यायची. मग मी गठ्ठा सोडला आणि एकेक बाही मांडीवर ठेवत गेले. डावी, डावी, डावी. अख्ख्या गठ्ठ्यात उजवी बाही एकही नव्हती.

लपवण्यासारखं काही नव्हतंच. मालकांनी गिरणीत विचारलं, त्या रंगाचं कापड संपलं होतं. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दोन डाव्या बाह्या हातात धरून नुसते उभे राहिले. मग भावाला म्हणाले, “साचा पालथा घालायचा तेव्हा कुठे होतास?”

“दुकानात,” तो म्हणाला. खोटं बोलता येत नाही त्याला. मशीनवरची कुणीतरी फिस्सकन हसली, आणि मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

टेबलावर दुसरा माणूस आला. भाऊ आता पॅकिंगला असतो. शर्टाच्या कॉलरखाली पुठ्ठा घालायचा, टाचण्या लावायच्या, घडी करून पिशवीत सरकवायचं. एक टाचणी इकडची तिकडे होत नाही. मालक म्हणतात, माणूस सुधारला. बायको म्हणते, घरात लक्ष असतं हल्ली. महाराज म्हणून आता कुणी हाक मारत नाही, आणि मारली तर तो ओ देईल असं मला वाटत नाही.

परवा सुटल्यावर बरोबर निघालो. गाळा आला. शटर तसंच बंद होतं. तो थांबला नाही. मलाच राहवेना. मी म्हटलं, “अरे, आरशाचं काय ठरलं मग? मला वाटतं मागेच लाव. दिवा लावू वर एक.”

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, शरमेनेही नाही. अनोळखी माणसाने पत्ता विचारावा आणि आपल्याला तो ठाऊक नसावा, तसं.

“कुठला आरसा, ताई?”

रस्ता आला. मी सवयीने कोपर धरायला हात पुढे केला. तोवर तो डावीकडे बघून, उजवीकडे बघून, नीट पलीकडे गेलाही होता.