सुईण मेलित्ताच्या दोन थापा

ग्रीसमधल्या थीब्झ शहरात मेलित्तासारखी सुईण नव्हती, आणि तिच्यासारखी थापाडीही नव्हती. "अगं, जुन्या गोष्टीतली आमची दासी गालिन्थिआस देवीला थाप मारून तिच्या शापानं मुंगशी झाली, पण अडलेल्या मालकिणीला सोडवलंन! मी कुठली खरं बोलायला!" असं म्हणून ती खदखदून हसायची. बाळंतिणीच्या घरी गेली की आधी अंगणात मुंगशीसाठी दोन घास ठेवायची, मग घरातली गाठ न् गाठ सोडायला लावायची; गाठ राहिली की बाळ अडतं म्हणे.

निकारेतेच्या सुनेला, फिलिन्नाला, दुसरा दिवस उजाडला तरी सुटका नव्हती. वेण्या सोडल्या, कंबरपट्टे सोडले, शेळीचं दावंसुद्धा सोडलं; ती बया शेजारचा कोबी फस्त करून आली. पोर मात्र जागचं हलेना. फिलिन्नाचे ओठ पांढरे पडले.

पाणी घ्यायला मेलित्ता बाहेर आली आणि थिजलीच. उंबऱ्यावर निकारेते बसली होती. गुडघ्यांना मिठी, बोटांत बोटं गच्च अडकवलेली. गालिन्थिआसच्या मालकिणीचं बाळंतपण देवीनं अडवलं, ते अगदी अश्शीच बसून! ही बिचारी काळजीनं बसलेली, तिला कुठलं भान?

"हात सोड" म्हणावं, तर आपणच सुनेला अडवलं हा बाईच्या जिवाला जन्माचा घोर. मेलित्ता एकदम ओरडली, "मुलगा झाला गं! ऊठ!"

"अगं बाई!" निकारेतेनं दोन्ही हात उडवले. आतून फिलिन्नाची किंकाळी आली आणि मेलित्ता धावली. घटकाभरात पोर रडलं. मुलगी होती.

"मुलगा म्हणालीस ना मघाशी? खोटारडी मेली!" नातीला छातीशी धरून निकारेते हसत होती, रडत होती. मग आपल्या बोटांवरचे लाल वळ तिला दिसले, ती थाप कशासाठी होती ते उमगलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मेलित्ता, माझी लेक मिर्तो बाळंतपणात गेली... तेव्हाही मी उंबऱ्यावर अशीच बसले होते का गं?"

मेलित्ताला सगळं आठवत होतं. त्या दिवशीही निकारेते उंबऱ्यावर अश्शीच होती; मेलित्ता बाहेर आली, तोवर उशीर झाला होता.

"छे! त्या दिवशी तू बसलीस कधी? सारखी विहिरीवर पाण्याला पळत होतीस. दम खा, दम खा, म्हणून मीच ओरडत होते."

"मला कसं आठवत नाही?"

"लेक जाताना कुणाला काय आठवतंय, बाई?"

निकारेतेनं वळ उठलेली बोटं नातीच्या दुपट्यात लपवली. मग नातीला जवळ ओढून हळूच म्हणाली, "हो. पळतच होते मी."