सगुणाच्या दगडावर काय लिहायचं

लोणावळ्याला गोऱ्यांच्या कबरस्तानात जेवढे काळे दगड उभे आहेत, त्यांतल्या निम्म्यांवरची अक्षरं कस्तुराबाईच्या नजरेखालून गेलेली. आणि कस्तुराबाईला तर अक्षर येत नव्हतं. इंग्रजी सोडाच, मराठीत तिचंच नाव लिहून कुणी पुढे केलं असतं, तरी तिनं त्या कागदात तंबाखू बांधली असती.

ती वराळ्याची. लग्न होऊन लोणावळ्याला आली ती महिपती पाथरवटाच्या घरी. घराण्याचं काम जात्यापाट्यांना टाकी लावायचं. पण महिपतीचा हात नाजूक कामाला बसलेला, म्हणून कबरस्तानाच्या पाद्रीसाहेबांनी त्याला दगडांवर अक्षरं कोरायला लावलं. साहेब मजकूर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देत. महिपती सुताला गेरू लावून दगडावर रेघा मारी आणि कागदात बघून एकेक अक्षर कोरी. कस्तुराबाई दगड कुरुंदानं घासून गुळगुळीत करी आणि कोरलेल्या अक्षरांत सफेदा भरी.

पहिल्याच वर्षी महिपतीकडून एक अक्षर सुटलं आणि अख्खा दगड वाया गेला. तेव्हापासून सफेदा भरण्याआधी अक्षरं ताडून बघायचं काम कस्तुराबाईनं अंगावर घेतलं. अक्षरांची नावं माहीत नव्हती, तर तिनं आपलीच ठेवली; गोल अक्षर ती बांगडी, दोन खांबांचं ती शिडी. ती कागद घेऊन बसायची, महिपती दगडावर बोट ठेवायचा.

"हातोडा."

"हाय."

"शिडी. मंग बांगडी."

"हाय, हाय."

"नाग. फनी. पुन्ना बांगडी."

रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, नवराबायको घरातलं सामान मोजतायत. शेजारचा मेहबूब रेल्वेत इंजिनावर कोळसा टाकायचा. मराठी चौथी शिकलेला, बोलायला खट्याळ. तो म्हणायचा, "काय वहिनी, येवढ्या बांगड्या कुनाला भरताय?"

"तुमच्या कारभारनीला, भाऊ. दगडाच्या हायत, फुटायच्या न्हाईत म्हनावं."

पाद्रीसाहेबांना पुण्याच्या शास्त्र्यानं मराठी शिकवलेलं. त्यामुळे ते पाथरवटालासुद्धा 'आपण' म्हणत. कबरीवरच्या कविता ते स्वतः रचत. दोनशे वर्षांपूर्वीचे त्यांच्याकडचे कवी हे त्यांचं वेड. एकदा महिपतीनं विचारलं, दर दगडावर दोनच वळी का. साहेब तिथंच पायरीवर बसले.

"ती त्या कवींची रीत आहे, महिपती. दोन ओळी, दोन्हींचं वजन सारखं, शेवट जुळलेला. विचार दुसऱ्या ओळीच्या टोकाला पूर्ण मिटतो. बाहेर काही सांडत नाही."

"डबीला झाकन बसल्यावानी," कस्तुराबाई सफेदा कालवता कालवता म्हणाली.

साहेब खूश झाले. पुढे कितीतरी दिवस ते तिला पाहिलं की दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून झाकण लावून दाखवायचे.

मग एकोणीसशे अठराची मानमोडी, ती तापाची साथ, आली. आश्विनात सुरू झाली आणि दिवाळी कुणाच्या घरी झाली नाही. पाद्रीसाहेब एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन जणांना माती देत होते. महिपतीच्या छपराखाली दगडांना जागा उरली नाही. कस्तुराबाईची सगुणा तेव्हा सहा वर्षांची. एकुलती एक. एका सकाळी पोरीला ताप भरला, पण हातातलं काम टाकता येईना, म्हणून कस्तुराबाईनं तिला छपरातच घोंगडीवर निजवली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली.

लहान लेकराला अग्नी देत नाहीत. ओढ्यापलीकडे जांभळीखाली तिला पुरली.

सुतक फिटल्यावर महिपतीनं मागच्या परसातून एक दगड काढला. खाणीतून आणून वर्ष झालं होतं, कुठं डाग नाही, कुठं शीर नाही, असा. कुणा मोठ्या साहेबासाठी म्हणून त्यानं तो राखून ठेवला होता. तो पाद्रीसाहेबांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "माज्या पोरीवर बी दोन वळी करून द्या." साहेबांचे डोळे भरले. चार दिवसांनी त्यांनी कागद दिला.

कस्तुराबाईनं कागद हातात घेतला आणि सवयीनं नजर फिरवली. हातोडा, शिडी, काठी, नाग. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. खालच्या रांगेत चार बांगड्या आल्या तिथं तिला ओळख पटली. त्या चार बांगड्या भरताना तिचा सफेदा संपला होता, तीन पावसाळ्यांमागं, गोऱ्या इंजिन ड्रायव्हरच्या मुलीच्या दगडावर. त्याच्याही आधी घाटातल्या बंगल्यातल्या पोराच्या दगडावर.

"अवं, ह्या ड्रायव्हरच्या पोरीच्या वळी हायत."

महिपती गेरू भिजवत होता. "हायत."

"तुमाला ठावं हाय?"

"कागद हातात आला तवाच कळलं."

"मंग?"

"मंग काय. सायबांच्या लेकरांना चालल्या. आपलीला चालत न्हाईत व्हय?"

कस्तुराबाईनं कागदाची घडी घातली, पदर घेतला आणि चालू लागली. महिपती मागनं आला, पण तिला अडवलं नाही.

पाद्रीसाहेबांनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "होय. त्याच आहेत. अकरा मुलांना मी त्याच दिल्या, कस्तुराबाई. आईबाप रडत असतात, कुणी ताडून बघत नाही. आपण बघाल असं मला वाटलं नाही."

"त्यात लिवलंय काय, त्ये तरी सांगा."

साहेबांनी मराठीत सांगितलं. कळी उमलायच्या आधीच खुडली गेली, जगाचं दुःख तिला कळलं नाही, आता ती शांत निजली आहे, असं काही.

"मंग ही आमची न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. "आमची शांत नव्हती. डावा पाय आत टाकून चालायची. गूळ खायाची आन शेरडीनं खाल्ला म्हनून सांगायची. गाडीनं शिट्टी मारली की ती बी मारायची. म्होरचे दोन दात पडल्यालं, निस्ता वारा निघायचा. शेवटच्या दिशी तापानं लालभडक झालती. आई, त्या गार दगडावर निजू दी, म्हनली. नुकता भरल्याला दगुड व्हता. म्या म्हनलं, सफेदा वला हाय, पुसंल. निजू दिलं न्हाई. ह्ये लिवा."

महिपतीला हे ठाऊक नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

साहेबांनी आठ दिवस मागून घेतले. नवव्या दिवशी ते आपण होऊन छपरात आले, हातात खोडाखोड केलेल्या कागदांची चळत. ती त्यांनी दगडावर ठेवली.

"मला जमलं नाही. माझे ते कवी सगळ्या माणसांविषयी फार नेमकं बोलतात. एका मुलीविषयी त्यांना बोलता येत नाही, की मलाच येत नाही, देव जाणे. दात पडलेली शिट्टी त्या मापात बसवायला गेलं की ओळ मोडते. आणि आपण जे शेवटी सांगितलंत, ते मिटत नाही. त्याला झाकण बसत नाही."

"मंग तुमच्यात अशा लेकरांवर लिवतच न्हाईत व्हय?"

साहेब खाली बसले. मग ते त्या कवींच्याही आधीच्या लोकांबद्दल बोलू लागले. फार कडक लोक. त्यांनी राजाचं मुंडकं उडवलं, नाटकं बंद पाडली, देवळांतल्या रंगीत काचा फोडल्या. "माझे पूर्वज त्यांतलेच. शब्दांची शोभा त्यांना देवासमोर खोटी वाटायची. ते रोज रात्री वहीत स्वतःच्या चुका लिहीत, कुणाला न दाखवता, फक्त देवासाठी. आणि मेलेल्या माणसाच्या दगडावर नुसतं नाव. देवाला ओळख पटवून द्यावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं."

"त्ये खरं हाय," कस्तुराबाई हळू म्हणाली. "त्याला ती समदी ठावं हाय. निस्तं नाव घाला."

महिपती उसळला. "सायबांच्या पोरांना दोन-दोन वळी, आन माज्या पोरीला निस्तं नाव? दुनियेची अक्षरं कोरली ह्या हातानं. तिच्यापायी तीनच कोरू?"

"दुसऱ्याच्या लेकराचं उतरल्यालं झबलं म्या तिला कवा घातलं न्हाई. आता घालू व्हय?"

महिपतीनं टाकी उचलली आणि धार बघायला लागला.

"कोणत्या अक्षरांत लिहू?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या."

साहेबांनी कागदावर लिहिलं: सगुणा. महिपतीनं आयुष्यात मराठी अक्षर कोरलं नव्हतं. ती वळणं हाताला नवी. तीन अक्षरांना दोन दिवस लागले. झाल्यावर त्यानं दगडावरची भुकटी फुंकली, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि नेहमीसारखं म्हणाला, "बोल."

कस्तुराबाईनं कागद धरला. वर एक आडवी रेघ आणि तिला दोरीवरच्या कपड्यांसारखं काहीबाही लोंबतं. त्यातल्या कशालाच तिच्याजवळ नाव नव्हतं.

"मला ह्यातलं काय कळत न्हाई."

"मंग बराबर हाय का न्हाई?"

"पाद्रीसायबांनी लिवलंय. बराबर आसंल."

गोऱ्यांचे शेकडो दगड तिनं अक्षर न् अक्षर ताडून बघितले होते. पोटच्या पोरीचा तेवढा तिनं देवावर हवाला ठेवून भरला.

पाद्रीसाहेब दोन-तीन वर्षांत विलायतेला परत गेले, पुढे त्यांचं काही कळलं नाही. कस्तुराबाईला मूल पुन्हा झालं नाही. महिपती चौतीस साली गेला. दगडाची भुकटी छातीत बसून पाथरवट जातात, तसाच. कस्तुराबाई मग पाठीला पिशवी लावून वाड्यावस्त्यांवर जात्यांना टाकी लावत हिंडायची. येता-जाता ओढ्याकाठी जांभळीखाली टेकायची. वाटेनं कुणी शिकलेला दिसला, पोस्टाचा माणूस, तलाठी, शाळेचा मास्तर, की त्याला हाक मारायची. "बाबा, हितं काय लिवलंय, येवडं वाच की."

तो वाचायचा. "सगुणा."

"व्हय ना? जा बाबा, देव भलं करो."

बेचाळीस साली मेहबूब नोकरीतून सुटून घरी बसला होता. गुडघे गेलेले, हातात काठी. एका संध्याकाळी तो ओढ्यावर आला, तर हिनं त्यालाही तेच विचारलं.

"वहिनी, पंचवीस वर्सं व्हत आली. किती येळा वाचून दावलं म्या तुमाला. बराबर हाय त्ये. काना न्हाई चुकल्याला."

"ठावं हाय, भाऊ."

"मंग?"

कस्तुराबाई दगडावरची पानं झाडत राहिली. "मालक गेल्यापास्नं तिचं नाव घेनारं घरात कुनी ऱ्हायलं न्हाई. माजं मी घ्याया गेलं, तर तोंडातनं निघत न्हाई. तुमी घ्या येकदा."

मेहबूबनं काठी जांभळीला टेकवली. गुडघे धरत तो दगडासमोर खाली बसला आणि तीन अक्षरं सावकाश, मोठ्यानं वाचली.